व्हॅक्सिन डेपो : नावामागचा इतिहास

टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो माहीत नाही असा बेळगावकर विरळाच. सकाळी फिरायला जाणारे, मैदानावर खेळणारी मुले, प्रदर्शनाला निघालेली कुटुंबे, सगळ्यांच्या तोंडी हे नाव असते. पण तिथे कसली व्हॅक्सिन होत असे, हे नव्या पिढीला विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही.

उत्तर आहे, देवीची लस. बेळगाव मुंबई इलाख्यात होते त्या इंग्रजी अमदानीत ही संस्था उभी राहिली. त्याआधी बराच काळ लस एका मुलाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्या मुलाच्या दंडावर टोचली जाई. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली देवीची लस मिळाली आणि तिच्यापासून ही साखळी पुढे गेली. नंतर वासरांपासून लस तयार करण्याची पद्धत आली. वासराच्या पोटाची कातडी स्वच्छ करून तिथे लस टोचायची, चार-पाच दिवसांनी उठलेले फोड खरवडून घ्यायचे आणि ते द्रव्य ग्लिसरीनमध्ये घोटायचे.

आपल्याकडे रोगालाच ‘देवी’ म्हणत. घरात देवी आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा लागे. गावोगाव टोचत फिरणाऱ्या माणसाला लोक ‘देवी डॉक्टर’ म्हणत. खरे तर तो डॉक्टर नसे. टोचणी शिकलेला तो सरकारी नोकर असे आणि त्याच्या कामावर देखरेख वैद्यकीय अधिकाऱ्याची. या दोघांचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. ओली लस उन्हात लवकर निकामी होई. टोचूनही फोड धरला नाही आणि पुढे मुलाला देवी आल्या, तर गावाचा टोचणीवरचा विश्वास उडे.

1962 साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. उन्हाला टिकणारी सुकी लस आधी सोव्हिएत रशियाकडून आली. पुढे ती भारतातच चार ठिकाणी होऊ लागली : नैनितालजवळ पटवाडांगर, मद्रासला गिंडी, हैदराबाद आणि आपले बेळगाव. ही लस 37 अंश सेल्सिअसलाही महिनाभर टिके. दोन टोकांची सुई आल्यावर तर पूर्वीच्या चौथाई लसीत काम होऊ लागले.

एवढे होऊनही देवी गेल्या नाहीत. कारण कागदावर होते ते टोचण्यांच्या आकड्याचे उद्दिष्ट. शाळेतली मुले एका जागी सापडत, म्हणून त्यांनाच पुन्हा पुन्हा टोचले जाई. तान्ही बाळे, मजूर आणि फिरस्ते राहून जात. आकडा पुरा होई आणि रोग मात्र तसाच राही.

1973 मध्ये पद्धत बदलली. आरोग्य कर्मचारी देवी आलेल्या मुलाचे चित्र हातात घेऊन घरोघर विचारत फिरू लागले. रुग्ण सापडला की त्याच्या दारावर पहारा बसे आणि भोवतालच्या सर्वांना टोचले जाई. शोध नीट सुरू होताच दडलेले रुग्ण बाहेर आले. 1974 मध्ये देशात 1 लाख 88 हजार रुग्णांची नोंद झाली. त्या उन्हाळ्यात बिहारचे आरोग्यमंत्री शोधमोहीम सोडून पुन्हा सरसकट टोचणीकडे वळायला निघाले होते. तेव्हा बैठकीत एक तरुण भारतीय डॉक्टर उठला. गावात एका घराला आग लागली की आम्ही पाणी त्याच घरावर ओततो, साऱ्या गावावर नाही, असे त्याने सांगितले. मंत्र्यांनी आणखी एक महिना दिला. हा प्रसंग त्या मोहिमेतील अमेरिकन डॉक्टर विल्यम फेगी यांनी लिहून ठेवला आहे. वर्षभरात, 24 मे 1975 रोजी, आसामातील करीमगंजला देशातील अखेरचा रुग्ण आढळला. एप्रिल 1977 मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

1985 पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला आणि ही जबाबदारी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे आली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, डॉक्टर सुई टोचतात. आरोग्य खात्यात काम करताना दिसते ते वेगळेच. टोचतात त्या सिस्टर. डॉक्टर सकाळी आधी शीतपेटीचे तापमान पाहतात. ते 2 ते 8 अंशांतच हवे. उष्णतेने लस बिघडते, तशा काही लसी गोठल्यानेही वाया जातात. मग कोणत्या वस्तीत कोणत्या वारी सत्र, कोणाचा डोस चुकला, याच्या याद्या. बाळाला ताप आला की रात्री घाबरलेल्या आईला उत्तर द्यायचे तेही त्यांनीच. ज्या घरात नकार मिळतो तिथे एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जायचे.

आपल्या सीमाभागात याद्यांचे काम अधिक अवघड. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कुटुंबे बीडकडून येतात आणि फडाजवळ कोप्या पडतात. ते मूल महाराष्ट्राच्या यादीतून निघून आलेले आणि कर्नाटकाच्या यादीत अजून न चढलेले. पोलिओच्या मोहिमेत बसस्थानके, नाके आणि कोप्या यांवर म्हणूनच खास पथके ठेवावी लागत. कानडी, मराठी, उर्दू, ज्या भाषेत आई ऐकेल त्या भाषेत बोलावे लागे. जानेवारी 2011 नंतर देशात रानटी विषाणूचा पोलिओ आढळलेला नाही. यामागे अशा सुटलेल्या मुलांचा शोध आहे.

आज साठीपलीकडच्यांच्या दंडावर देवीचे वण आहेत. माझ्या पिढीच्या दंडावर तो नाही, फक्त बीसीजीचा आहे. आपल्या घरातल्या आजी-आजोबांचा तो वण मुलांना जरूर दाखवावा. आणि पुढच्या वर्षी देखाव्यासाठी विषय शोधताना मंडळांनी दूर जाऊ नये. व्हॅक्सिन डेपो, वासरू, देवी डॉक्टर आणि उसाच्या फडातली कोपी, एवढे साहित्य आपल्या गावातच आहे.