शिवलेली होडी

मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या भाच्यानं आणि मी घराच्या पडवीत एक कयाक बांधली. कयाक म्हणजे एका माणसाची, वरून झाकलेली निमुळती होडी. दोन्ही टोकांना पातं असलेल्या एकाच वल्ह्यानं ती चालवतात. खाडी आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. भरतीच्या वेळी खारफुटीच्या आत शिरावं, आवाज न करता खंड्या आणि बगळे पाहावेत, एवढीच हौस. सुतारकामाचा अनुभव म्हणाल तर मी शाळेत फळा टांगला आहे, त्यापुढे काही नाही.

तरीही होडी झाली, कारण पद्धतच तशी आहे. पाण्यात टिकणाऱ्या चार मिलिमीटर प्लायवूडचे लांबट तुकडे नकाशाप्रमाणे कापायचे. ताव आठ फुटांचा आणि होडी चौदा फुटांची, म्हणून दोन तुकड्यांची टोकं रंध्यानं उतरती तासून एकावर एक चिकटवायची. मग कडेपासून बोटभर आत, वीतभर अंतरावर ड्रिलनं बारीक भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं एक फळी दुसरीला चक्क शिवायची. पक्कडीनं तार पिळत गेलं की सपाट पडलेल्या पट्ट्या उभ्या राहतात, वाकतात आणि तासाभरात पडवीत होडीचा आकार दिसू लागतो. आतून सांध्यांवर लाकडाचा भुसा मिसळलेलं इपॉक्सी भरायचं, वर काचतंतूची पट्टी बसवायची. ते सुकलं की तारा कापून टाकायच्या. मे महिन्याच्या दुपारी इपॉक्सी डब्यातच गरम होऊन दगड होतं. असे दोन डबे फेकून दिल्यावर आम्ही फज्रच्या नमाजनंतर लगेच कामाला लागायचं ठरवलं.

तारा पिळता पिळता मी भाच्याला इब्न जुबैरची गोष्ट सांगत होतो. तो ऐकत होता आणि अचानक म्हणाला, "मामू, म्हणजे हे आपलंच होतं. त्यांनी आपल्याकडून उचललं!" हा लेख त्या वाक्यामुळे लिहितो आहे.

इब्न जुबैर हा ग्रनाडाच्या दरबारातला कातिब, म्हणजे चिटणीस. ११८३ साली तो हजला निघाला. नाईलवरून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्राच्या पश्चिम काठावरच्या ऐझाब बंदरात आला आणि तिथून जिद्दाला जाणाऱ्या नावेत बसला. या नावांना तो ‘जलबा’ म्हणतो. आपल्या सफरनाम्यात त्यानं त्यांची बांधणी बारकाईनं लिहून ठेवली आहे, आणि वाचताना आपण कोकणातच आहोत असं वाटतं. या नावांना एकही खिळा नाही. फळ्या ‘किनबार’नं शिवलेल्या. किनबार म्हणजे नारळाच्या सोडणाचा काथ्या, कुटून, पिळून केलेला सुंभ. फटींमध्ये खजुराच्या लाकडाच्या चिपा ठोकायच्या आणि वरून तूप, एरंडेल किंवा मुशीचं तेल चोपडायचं. त्यात मुशीचं तेल सर्वांत चांगलं. लाकूड आणि काथ्या दोन्ही हिंद आणि यमनमधून येतात, हेही तो नोंदवतो.

त्याला या नावा आवडल्या असं मात्र समजू नका. नावेचे मालक हाजींना एकमेकांच्या मांडीवर बसवून, कोंबड्यांच्या खुराड्यासारखं भरतात, एका खेपेत नावेची किंमत वसूल करायची आणि पुढं हाजींचं काय होईल ते त्यांचं त्यांनी पाहावं, असा त्यांचा हिशेब असतो, अशी त्याची तक्रार आहे. आठशेहून अधिक वर्षं झाली. हजयात्रेकरूंच्या गर्दीवर पैसा करणारे तेव्हाही होते, हे वाचून मला बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरवता आलेलं नाही.

मला अडकवलं ते एका शब्दानं. खजुराच्या चिपांसाठी इब्न जुबैर ‘दुसुर’ हा शब्द वापरतो. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. सूरह अल-कमरच्या तेराव्या आयतीत हजरत नूह यांच्या नौकेचं वर्णन फळ्या आणि ‘दुसुर’ यांची म्हणून येतं. बहुतेक उर्दू तर्जुम्यांत तिथं ‘मेखें’ किंवा ‘कीलें’ असतं आणि मराठीत ‘खिळे’. लहानपणापासून मी तेच वाचलं, मुलांनाही तेच सांगितलं. पण जुने अरबी कोशकार इतके ठाम नाहीत. ‘लिसानुल अरब’मध्ये खिळ्यांबरोबर दुसरा अर्थही दिला आहे: नावेच्या फळ्या बांधायच्या, झाडाच्या तंतूंपासून वळलेल्या दोऱ्या. तफसीर हे माझं काम नाही आणि कोणता अर्थ बरोबर हे मी ठरवत नाही. एवढंच दिसतं की ज्या लोकांच्या समुद्रावर शिवलेल्या नावा रोज चालत होत्या, त्यांना नाव म्हटल्यावर फक्त खिळाच आठवत नव्हता. आपल्याला तोच आठवतो, कारण आपण पाहिलेल्या होड्या खिळ्यांच्या.

या नावांना नावं ठेवणारा इब्न जुबैर एकटा नव्हता. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोनं होर्मुझला अशी जहाजं पाहिली आणि ती अगदी भिकार, धोकादायक आहेत असा शेरा मारला. इब्न बतूताचं मत वेगळं. १३४३-४४च्या सुमारास तो मालदीवमध्ये काझी होता. तिथल्या काथ्याबद्दल लिहिताना तो कारण देतो: या समुद्रात खडक फार. खिळ्यांची नाव खडकाला आपटली की फुटते, सुंभानं शिवलेली नाव थोडी लवते आणि वाचते. पोलोनं खिळ्याची उणीव पाहिली, बतूतानं सुंभाचा गुण. दोघेही प्रवासीच, पण बतूता त्या बेटांवर राहिला होता, म्हणून मी त्याच्या बाजूनं आहे. जळाल्यावरही पीळ न सोडणारा सुंभ आपल्या म्हणीत उगाच आलेला नाही.

त्याहून जुनी नोंद अबू जैद अल-सिराफीची, दहाव्या शतकाच्या सुरुवातीची. तो इराणच्या आखातावरच्या सिराफ बंदराचा. ओमानचे लोक नारळाच्या बेटांवर जातात, माड तोडून वाळवतात, फळ्या काढतात, काथ्या वळून त्यानंच त्या शिवतात, डोलकाठी माडाची, शीड झावळांचं, आणि त्याच नावेत नारळ भरून घरी परततात, असं तो सांगतो. आमच्या वाडीतल्या एखाद्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, यात लिहिण्यासारखं काय आहे?

१९९८मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ समुद्रतळाशी नवव्या शतकातलं असंच एक शिवलेलं जहाज सापडलं. आत चिनी भांडी, सुमारे साठ हजार. म्हणजे पोलोला भिकार वाटलेली ही बांधणी त्याच्या चारशे वर्षं आधी चीनचा माल वाहत होती. आपल्या बाजूचा पुरावा अजिंठ्याच्या भिंतीवर आहे. तिथल्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात एक शिवलेलं जहाज नव्यानं बांधलं गेलं आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ‘कौंडिण्य’ या नावानं नौदलात दाखल झालं. शिवण केरळच्या कारागिरांची. चित्रातून लांबी-रुंदी अंदाजता येते, पण टाका कसा घालायचा हे भिंत सांगत नाही. ते हातातच असावं लागतं.

आता भाच्याच्या वाक्याकडे. आम्ही वापरलेल्या पद्धतीचा पत्ता वेगळा आहे. केन लिटलडाइक नावाचे इंग्लंडमधले हस्तकलेचे शिक्षक कयाकचे शौकीन होते. १९६०च्या आसपास त्यांनी प्लायवूड शिवून, सांध्यावर काचतंतू आणि राळ लावून कयाक बांधायची युक्ती काढली. त्या आधी घरी होडी करायची म्हणजे आधी सांगाडा उभा करायचा, मग त्यावर फळ्या. त्याला जागा हवी, हत्यारं हवीत, हात हवा. बीबीसीवर घरगुती दुरुस्ती शिकवणारे बॅरी बकनेल यांनी तीच युक्ती एका छोट्या शिडाच्या होडीसाठी वापरली. जॅक होल्ट यांच्याबरोबर आखलेली ती ‘मिरर’ होडी ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्रानं १९६३मध्ये बाजारात आणली. घरी जोडायच्या सुट्या भागांची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. पुढे अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या झाल्या, कितीतरी लोकांच्या गॅरेजमध्ये आणि बैठकीच्या खोलीत. शाळामास्तराची एक युक्ती एवढी लांब गेली, याचा मला व्यवसायबंधू म्हणून थोडा अभिमान आहे.

लिटलडाइक यांनी इब्न जुबैर वाचला होता असा कुठलाही पुरावा मला मिळालेला नाही. भाच्याला मी तेच सांगितलं. तो जरा हिरमुसला. आपल्या लोकांना हल्ली ही सवय लागली आहे, आणि मी फक्त मुसलमानांबद्दल बोलत नाही: जगात कुठंही काही चांगलं दिसलं की ते मूळचं आपलं. वर्गात मुलं विचारतात आणि हो म्हणण्याचा मोह मलाही होतो, कारण हो म्हटलं की मुलांचे चेहरे फुलतात. पण शिवणच नीट पाहिली तरी फरक कळतो. जलब्यात सुंभ हीच ताकद आहे, तो नाव असेपर्यंत राहतो. आमच्या कयाकमध्ये तार ही फक्त गोंद सुकेपर्यंत, कच्च्या टाक्यासारखी. सारखं आहे ते एवढंच की दोन्हीकडे आधी कवच उभं राहतं, सांगाडा नंतर किंवा नाहीच. हे दोनदा सुचू शकतं.

शिवाय ‘आपलं’ आणि ‘त्यांचं’ यात कयाक कुठं बसते? ती ना अरबांची, ना इंग्रजांची. ती ग्रीनलंड आणि उत्तर अमेरिकेतल्या इनुइट लोकांची. किनाऱ्याला वाहत आलेली लाकडं बांधून पुरुष सांगाडा करायचे, माप शिकाऱ्याच्या स्वतःच्या अंगाचं, वाव आणि मुठीत मोजलेलं. त्यावर सीलचं कातडं शिवायच्या त्या बायका. प्राण्याच्या स्नायूचा धागा, दुहेरी टीप, आणि सुई कातड्याच्या आरपार जाऊ द्यायची नाही, म्हणजे पाणी आत येत नाही. नवरा बर्फाळ पाण्यात जिवंत राहणार तो तिच्या टाक्यावर. भाच्याला हे त्याच्या आईनं, माझ्या बहिणीनं ऐकवलं असतं तर जास्त पटलं असतं. ती तीस वर्षं शिलाई मशीनवर बसली आहे.

या सगळ्यात मला खरी उणीव वाटते ती नावांची. इब्न जुबैरचं नाव आहे, पोलोचं आहे, लिटलडाइक आणि बकनेल यांची आहेत. ज्या हातांनी तो जलबा शिवला, ज्यात बसून तो जिद्दाला जिवंत पोचला, त्या हातांचं नाव सफरनाम्यात नाही. मालकांना त्यानं शिव्या घातल्या, शिवणाऱ्यांचा एका ओळीतही उल्लेख नाही. काथ्या कुटणाऱ्या आमच्याकडच्या बायकांची कुणी यादी केली आहे?

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, आम्ही कयाक खाडीत उतरवली. अंगात लाइफ जॅकेट, ओहोटी लागायला दोन तास असताना. उजव्या बाजूच्या एका सांध्यातून थेंब थेंब पाणी येत होतं, जिथं आमचा फुकट गेलेला दुसरा डबा घाईनं लावला होता. धक्क्यावर बसलेले एक म्हातारे चाचा बराच वेळ ते प्लायवूड न्याहाळत होते. जन्मभर मासेमारी केलेला माणूस. होडी ओढून बाहेर काढल्यावर त्यांनी हात फिरवला, सांधा नखानं खरवडला आणि विचारलं, "मास्तर, मुशीचं तेल नाय लावलंव?"