लग्नाचा खर्च आणि सावकाराची वही

मंडळी, लग्नसराई सरली, मांडव उतरले, पाहुणे आपापल्या गावी गेले, की गावोगाव एक दुसरेच काम सुरू होते. ते म्हणजे हिशेबाचे. कार्यालयाचे भाडे, आचारी, वाजंत्री, कापडाचे दुकान, किराणा, सोनार. एकेक जण दारात येऊन उभा राहतो. मग घरातला कर्ता पुरुष ओसरीवर बसून म्हणतो, "झालं ते झालं. आता काय, फेडायचंच." आणि पारावर बसलेले दोघेचौघे म्हणतात, "हा शेतकरी असाच उधळ्या. लग्नापायी बुडतो नि मग नशिबाला बोल लावतो."

शेतकऱ्याला उधळ्या म्हणण्याची ही रीत आजकालची नव्हे. दीडशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न आपल्या पुणे आणि नगर जिल्ह्यांतील खेड्यांतून सरकारच्या एका चौकशी मंडळापुढे गेला होता. शेतकरी कर्जात का बुडाला? लग्नातल्या उधळपट्टीमुळे, की आणखी कशामुळे? त्या चौकशीत जे निघाले, ते काटकसरीचा उपदेश करणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने, दोघांनीही एकदा समजून घ्यावे असे आहे.

गोष्ट १८७५ सालची. त्या वेळच्या भीमथडी तालुक्यातले, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातले सुपे गाव. १२ मे रोजी गावचा बाजार भरला होता. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून माणसे आली होती. गावातले सावकार हेच कापडाचे दुकानदार आणि धान्याचे व्यापारी. त्या दिवशी लोकांनी त्यांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पण मागणी काय, तर पैसा नव्हे, कागद! "आमची खतं बाहेर काढा, वह्या बाहेर काढा." कागद हाती आले की त्यांची होळी. दुकानांची लूट झाली, आगही लागली; पण पुढे गावोगाव जे दंगे झाले, त्यांत मुख्य रोख राहिला तो कर्जरोख्यांवर. सावकाराने कागद मुकाट्याने दिले तर त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले, पोलीस आणि लष्कर आले, शेकडो माणसे धरली गेली. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

याची पहिली ठिणगी मात्र पाचेक महिने आधीच पडली होती. शिरूर तालुक्यातील करडे गावी डिसेंबर १८७४ मध्ये एका सावकाराने तिथल्या एका देशमुखावर कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि त्याच्या घरावर गदा आणली. गाव चिडले. पण गावाने काठी उचलली नाही. गावाने सावकाराशी व्यवहार तोडला. त्याच्या दुकानात कोणी जाईना, त्याच्या शेतात मजुरीला कोणी मिळेना, न्हावी येईना, पाणी भरायला माणूस मिळेना. करड्याची ही गोष्ट ध्यानात ठेवा. शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

दंगे शमल्यावर सरकारने कमिशन नेमले. त्याने गावोगावचे खातेदार तपासले, कर्जाचे आकडे जमवले, साक्षी घेतल्या. त्या काळच्या कित्येक अंमलदारांचे ठाम मत होते की कुणबी बुडतो तो लग्ने आणि सणवार यांपायी. कमिशनने मात्र लिहिले की या कारणाला वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले गेले आहे. रयतेच्या ऐपतीच्या मानाने लग्नाचा खर्च मोठा खरा. पण लग्न काही दरसाल येत नाही. वर्षानुवर्षांच्या हिशेबात पाहिले तर तो माणूस आपल्या सुखासाठी करतो तो खर्च अवाच्या सवा ठरत नाही. कर्जाच्या खात्यात लग्नाची रक्कम दिसते, पण कर्जाचे मूळ बहुधा तिथे नसते. मूळ असते ते लहान लहान रकमांत. खायला धान्य, पेरायला बी, मेलेल्या बैलाच्या जागी दुसरा बैल, आणि सरकारी साऱ्याचा हप्ता.

गुरुजी, आता तुम्ही विचाराल, लहान रकमा होत्या तर त्या डोईजड कशा झाल्या? इथेच खरी मेख आहे. त्या काळात एकामागून एक चार गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट व्याजाची. १८५५ साली व्याजाच्या दरावर असलेला कायद्याचा निर्बंध सरकारने उठवला. दर काय घ्यायचा हे देणाऱ्याघेणाऱ्याने आपसात ठरवावे असे झाले. अडलेला आणि पोटभरला आपसात काय ठरवणार, ते सांगायला नको.

दुसरी गोष्ट मुदतीची. १८५९ च्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावायला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू चांगला होता, की जुनीपुराणी कर्जे उकरून काढून कोणाला छळू नये. झाले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार म्हणे, "दावा लावू, की नवं खत करतोस?" कुणबी नव्या खतावर निशाणी करी. जुने मुद्दल आणि त्यावरचे व्याज मिळून नवे मुद्दल तयार होई. आपल्याकडे दामदुपटीचा जुना दंडक होता, की व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागू नये. पण व्याजच मुद्दलात जाऊन बसल्यावर दंडक कोणाला आवरणार?

तिसरी गोष्ट कापसाची. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस विलायतेत जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास रेल्वेची कामे चालली होती, मजुरीही मिळे. हातात पैसा खेळू लागला आणि सावकारही मोकळ्या हाताने देऊ लागला. युद्ध संपले, भाव उतरले, रेल्वेची कामे सरली. कर्ज मात्र उतरले नाही.

चौथी गोष्ट साऱ्याची. तीस वर्षांपूर्वी ठरलेल्या जमाबंदीची मुदत संपली आणि भाव तेजीत असल्याच्या काळावर नजर ठेवून फेरआकारणी झाली. १८६७ पासून इंदापूर तालुक्यात सारा सुमारे दीडपट झाला. सारा रोख भरायचा, ठरल्या दिवशी भरायचा, पीक येवो न येवो. म्हणून शेतकरी खळ्यावरचे धान्य स्वस्तात विकी आणि पुढे पावसाळ्यात तेच धान्य महाग दराने उसने आणी.

आता फळ्यावर एक हिशेब मांडू. हा कुणा एकाचा खरा हिशेब नव्हे, रीत कळावी म्हणून घेतलेले उदाहरण आहे. शेतकऱ्याने मुलीच्या लग्नासाठी १०० रुपये काढले. व्याज दरमहा शेकडा दोन रुपये. तीन वर्षांचे व्याज ७२. खत बदलले, नवे मुद्दल १७२. आणखी तीन वर्षांनी सुमारे २९६. नऊ वर्षांनी ५०९. बारा वर्षे झाली की ८७५. शंभराचे पावणेनऊशे! आता मला सांगा, हे पावणेनऊशे रुपये लग्नात उधळले गेले काय? लग्नात गेले शंभर. बाकीचे पावणेआठशे कागदाने खाल्ले.

म्हणून पहिला धडा असा. ज्याचे पोट हातावर आहे, त्याला "काटकसर कर" म्हणण्याआधी त्याची वही उघडून बघावी. उणेपणा त्याच्या वागणुकीत आहे की व्याजाच्या दरात, हे पाहिल्याविना केलेला उपदेश म्हणजे तहानलेल्याला पाणी जपून वापरायला सांगण्यासारखे आहे. सरकारलाही अखेर हे थोडेफार पटले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत कोर्टाने नुसत्या खताच्या आकड्यावर न जाता मूळ व्यवहार काय झाला ते तपासावे, कर्जापायी माणसाला तुरुंगात घालू नये, असे ठरले. त्याने सारे दुःख संपले नाही; पण दोष एकट्या कुणब्याच्या खर्चिकपणाचा नव्हे, एवढे सरकारदरबारी लिहिले गेले.

मग काय, लग्नात हवा तेवढा खर्च करावा? तसे नव्हे. तो हिशेब पुन्हा एकदा बघा. शंभर रुपये वाढून पावणेनऊशे झाले खरे. पण शंभराच्या ठिकाणी तीस काढले असते तर? बारा वर्षांनी दोनशे साठ-पासष्ट. म्हणजे वाचवलेल्या सत्तर रुपयांनी सहाशेंवर रुपयांचे ओझे टळले असते. व्याज जितके जबर, तितकी न काढलेल्या कर्जाची किंमत मोठी. श्रीमंताला काटकसर शोभेसाठी असते. गरिबाला ती ढालीसारखी असते.

ही गोष्ट त्याच काळात आपल्यातल्या काही माणसांनी ओळखली होती. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ च्या सप्टेंबरात पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिले सत्यशोधक लग्न लागले. भटजीची दक्षिणा नाही, मानपान नाही, जेवणावळी नाहीत. थोडक्यात आणि विचारपूर्वक लागलेले लग्न. सावित्रीबाई त्या कामी पुढे होत्या. करड्याच्या बहिष्काराच्या बरोबर एक वर्ष आधीची ही गोष्ट. जोतीरावांनी शेतकऱ्याची बाजू सरकारपुढे जन्मभर मांडली, सारा आणि सावकारी यांवर कोरडे ओढले. आणि त्याच वेळी घरातल्या लग्नाचा खर्चही उतरवून दाखवला. दोन्ही कामे त्यांनी एकदम हाती घेतली. एकाचे निमित्त करून दुसरे टाळले नाही.

दुसरे उदाहरण वऱ्हाडातले. अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेल्या डेबूजीचे लहानपण मामाच्या घरी गेले. मामाची जमीन सावकाराच्या कर्जात जाताना त्याने डोळ्यांनी पाहिली. पुढे त्याला मुलगी झाली. बारशाला मटण आणि दारूचे जेवण घालायची जातीची रीत होती. डेबूजीने ती मोडली आणि गोड जेवण घातले. नातेवाईक रुसले, नावे ठेवली. तो हलला नाही. हाच डेबूजी पुढे गाडगे महाराज झाला. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात खराटा आणि एक गाडगे, एवढाच संसार. २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवीपर्यंत ते कीर्तनातून सांगत राहिले की कर्ज काढून सण करू नका, लग्नात उधळू नका, मोडके भांडे वापरा पण पोरांना शाळेत घाला. त्यांच्या काटकसरीचा अर्थ नीट बघा. त्यांनी पैसा पुरून ठेवायला सांगितला नाही. तो शाळेकडे वळवायला सांगितला. स्वतःसाठी झोपडीही न बांधणाऱ्या या माणसाने लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, मुंबईसारख्या ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या.

आज सुप्याच्या बाजारातला तो सावकार राहिला नाही. १९०४ पासून सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला, पुढे बँका गावात आल्या. पण खर्चाची तऱ्हा बदलली म्हणून वही मिटली असे नव्हे. आता मोबाइल हप्त्यावर मिळतो, गाडी हप्त्यावर मिळते, लग्नाला सुद्धा कर्ज मिळते. हळदीला डी.जे., वरातीला घोडा, लग्नाआधीचे फोटो डोंगरावर जाऊन. शेजाऱ्याने पाचशे पाने वाढली म्हणून आपण आठशे. हुंडा घेणे-देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरले. तरी तो मानपानाचे नाव घेऊन मागल्या दाराने येतोच.

इथे मला करड्याची आठवण होते. लग्नातला खर्च एकट्या घराला आवरत नाही. मनात असून आवरत नाही. का? "लोक काय म्हणतील?" अहो, पण ते लोक म्हणजे कोण? आपणच ना! जो एकटा कमी करतो तो कंजूष ठरतो. सगळ्या गावाने मिळून कमी केले तर तीच गावाची रीत होते. करड्याच्या लोकांना हे कळले होते. एकट्यादुकट्याने दुकान टाळले असते तर सावकाराने त्याला दुसऱ्या दिवशी कोर्टात ओढले असते. गाव एक झाले, म्हणून त्याला जोर आला. तोच एकोपा मांडवाच्या बाबतीत का नसावा? ग्रामसभेत बसून ठरवावे: जेवणात पदार्थ किती, आहेराची देवघेव बंद, वाजंत्री किती वाजेपर्यंत. आणि हा नियम पहिल्यांदा पाळावा तो गावातल्या सर्वांत धनवान घराने. गरिबाने साधे लग्न केले तर लोक त्याला गरिबी म्हणतात. पाटलाने केले तर त्याला रीत म्हणतात.

आणि गुरुजनांना एक विनंती. व्याजाचे गणित शिकवताना पुस्तकातला राम आणि श्याम जरा बाजूला ठेवा. मुलांना घरचा एखादा हप्त्याचा कागद वाचायला शिकवा. वस्तूची रोख किंमत किती, हप्त्यांची बेरीज किती, मधला फरक कोणाच्या खिशात गेला, ते त्यांना स्वतः काढू द्या. कोणाच्या घरचे कर्ज चारचौघांत येणार नाही एवढी काळजी मात्र घ्या. १८७५ साली सुप्याच्या बाजारात माणसांनी ज्या कागदांची होळी केली, त्यांतले बहुतेकांना वाचताही येत नव्हते; निशाणी मात्र त्यांचीच होती. आज त्यांच्या पणतू-खापरपणतूंना वाचता येते. सही करण्याआधी त्यांनी तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि वाचून झाल्यावर "नको, एवढ्यात भागतं आमचं," असे म्हणण्याचे धाडस केले, तर कागद जाळायची वेळच येणार नाही.