जठरांतील गांठ आणि तिचें नांव

कादवा नदीच्या कांठच्या निफाड गांवीं १८ जानेवारी १८४२ रोजीं महादेव गोविंद रानडे जन्मले. त्या वर्षीं त्याच गांवांतील एखाद्या कुणब्याच्या पोटांत, डाव्या बरगड्यांखालीं, हातास लागेल अशी गांठ निघाली असती, तर वैद्यानें तिला गुल्म म्हटलें असतें आणि घरांतील वडीलधाऱ्यांनीं वायगोळा. त्यांत वैद्याचें अज्ञान होतें असें नाहीं. चरकानें गुल्माचे पांच प्रकार सांगितले आहेत. दुखण्याची वेळ, तापाचें येणें-जाणें, गांठीचें सरकणें किंवा एके ठिकाणीं ठाण मांडून बसणें, यांवरून ते ओळखण्याच्या खुणाहि दिल्या आहेत. वरून सारख्या वाटणाऱ्या गांठी आंतून एक नसतात, हें जुन्या वैद्यकास पक्कें ठाऊक होतें. अडचण एवढीच कीं, आंतील भाग पाहावयाचा तर जिवंत माणसाचें पोट उघडावें लागे, आणि ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया केल्याचा बॉस्टन येथील प्रसिद्ध प्रयोग व्हावयास १८४६ साल उजाडावें लागलें.

पुढें गोष्टी झपाट्यानें घडल्या. १८५८ सालीं रुडोल्फ विर्चोव्ह यांनीं बर्लिन येथें, रोगाचें मूळ पेशींत शोधावें, असा सिद्धान्त मांडला. २९ जानेवारी १८८१ रोजीं व्हिएन्ना येथें थिओडोर बिलरोट यांनीं एका स्त्रीच्या जठराचा रोगट भाग कापून काढला व उरलेला भाग आंतड्यास जोडला. ती बाई शस्त्रक्रियेंतून उठली, पण रोग उलटून तिला चारएक महिन्यांतच मृत्यु आला. जठरावर शस्त्र चालवितां येतें हें सिद्ध झालें. चालवावें कीं नाहीं, व किती, हें मात्र गांठ कोणत्या जातीची यावर अवलंबून राहिलें.

येथें श्रोत्यांनीं एक भेद ध्यानांत घ्यावा. जठराची भिंत एकपदरी नसते. आंतून ओलसर मऊ अस्तर, त्याबाहेर स्नायूंचे थर आणि सर्वांत बाहेर पातळ वेष्टण, अशी तिची रचना आहे. सामान्यतः ज्यास पोटाचा कर्करोग म्हणतात, तो अस्तरांत उगवतो. परंतु दुसऱ्या कांहीं गांठी भिंतीच्या पोटांत, स्नायूंच्या थरांत, वाढतात व अस्तर त्यांच्यावर बहुधा शाबूत राहतें. गादीखालीं नारळ ठेवावा तसें. दुर्बीण घालून पाहिलें तर नुसता उंचवटा दिसतो, आणि दुर्बिणीच्या चिमट्यानें तुकडा काढला तर हातीं बहुधा निरोगी अस्तरच येतें.

सूक्ष्मदर्शकाखालीं या गांठींत सुताच्या चातीसारख्या, दोन्ही टोकांस निमुळत्या पेशी जुड्यांसारख्या पडलेल्या दिसत. जठराच्या स्नायूंच्या पेशीहि तशाच. म्हणून शंभर वर्षें या बहुतेक गांठींस स्नायूची गांठ हें एकच नांव चाललें. परंतु वागणूक त्या नांवास जुमानीना. एकाची गांठ काढली, तो सुखानें म्हातारा झाला. दुसऱ्याची तशीच दिसणारी गांठ काढली, आणि कांहीं वर्षांनीं त्याच्या यकृतांत तिचीं पिल्लें निघालीं. १९६२ सालीं अमेरिकेंतील रोगशास्त्रज्ञ आर्थर पर्डी स्टाउट यांनीं जठराच्या अशा कांहीं गांठींवर निबंध लिहिला आणि त्यांस ‘विचित्र’ असेंच विशेषण लाविलें. शास्त्रज्ञानें एखाद्या वस्तूस विचित्र म्हणणें, म्हणजे ती ओळखूं येत नाहीं याची प्रांजळ कबुलीच होय.

आपल्याकडे या ओळखीच्या विद्येचें घर मुंबईंत परळास बांधलें गेलें. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालें आणि त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रें डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आलीं. अर्बुदाचें नांव अंदाजानें न घेतां पेशी पाहून घ्यावें, आणि रोगी कसा राहतो, काय नेसतो, काय ओढतो, हेंहि विचारावें, अशी त्यांची शिस्त होती. कमरेस धोतर कसून बांधण्याच्या जागीं होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाकडे १९४५ सालीं वैद्यकजगताचें लक्ष वेधलें गेलें, तें याच शिस्तीमुळें.

‘विचित्र’ गांठींचा उलगडा मात्र पुढें झाला. १९८३ सालीं मझुर व क्लार्क या दोघां अमेरिकन रोगशास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, यांपैकीं पुष्कळ गांठींत स्नायूचें लक्षणच सांपडत नाहीं. १९८८ सालीं जपानांतील संशोधकांनीं मज्जातंतूच्या वेष्टणापासून निघणारी, ज्यास श्वानोमा म्हणतात, ती गांठ त्यांतून वेगळी काढली. १९९८ सालीं जपानांतीलच हिरोता व त्यांचे सहकारी यांनीं उरलेल्या मोठ्या गटाचें मूळ किट नांवाच्या जनुकांतील बिघाडांत शोधलें. जठराच्या हालचालीस ताल देणाऱ्या ज्या पेशींस स्पेनचे काहाल यांचें नांव आहे, त्यांच्याशीं या गांठींचें नातें जुळलें व त्यांस जी. आय. एस. टी., म्हणजे जिस्ट, हें नांव रूढ झालें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं नाशिक येथें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालें.

एका नांवाचीं अशीं तीन नांवें झालीं: खरी स्नायूची गांठ, मज्जावेष्टणाची गांठ आणि जिस्ट. पहिल्या दोन जवळजवळ नेहमींच निरुपद्रवी. तिसरी केव्हां उलटेल याचा नेम नाहीं. हा निवाडा मात्र गांठ काढून, तिचे काप रंगवून होत असे, म्हणजे पोट फाडल्यावर. तो आधीं करतां येईल काय?

रंटगेन यांचे १८९५ चे क्ष-किरण येथें फारसे उपयोगीं पडले नाहींत, कारण त्यांच्या चित्रांत पुढच्या-मागच्या सर्व सावल्या एकमेकींवर पडतात. खडूच्या निवळीसारखें बेरियम पाजून काढलेलें चित्र जठराची आंतली कड तेवढी दाखवी. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्यानें किरण चहूंबाजूंनीं फिरवून, त्यांचा हिशेब संगणकाकडून करवून, काकडीची चकती कापावी तसा देहाचा छेद चित्रांत उतरविला. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनजवळ विंबल्डन येथें एका स्त्रीच्या डोक्याचें असें पहिलें चित्र निघालें. आरंभीं डोकेंच निवडण्याचें एक कारण साधें होतें. एका छेदास कांहीं मिनिटें लागत. डोकें तेवढा वेळ स्थिर ठेवतां येतें, श्वासाबरोबर हलणारें जठर कसें ठेवणार? १९८९ च्या सुमारास रोग्यास सरकवीत किरण मळसूत्रासारखे फिरविण्याची युक्ति निघाली, तेव्हां एका श्वासाच्या अवधींत सारें पोट टिपतां येऊं लागलें.

तरी सी. टी. स्कॅनमध्यें या तीन गांठी प्रथमदर्शनीं सारख्याच करड्या. हाउन्सफील्डच्या मापांत पाणी शून्य, हवा उणे एक हजार; या तिन्ही गांठींचे आंकडे एकमेकांस इतके चिकटून कीं त्यांवरून कांहीं ठरत नाहीं. म्हणून रोग्यास पाणी पाजून जठर फुगवितात, शिरेंतून आयोडीनयुक्त औषध देतात आणि गांठ कशी उजळते तें क्रमानें पाहतात. स्नायूची गांठ बहुधा अन्ननलिकेच्या तोंडाशीं असते, आंतल्या पोकळीकडे वाढते व एकसारखी, मंद उजळते. जिस्ट मोठी झाली कीं बाहेर झुकते, आणि तिच्या मध्यभागीं सडल्याचे किंवा रक्तस्रावाचे काळसर डाग पडतात. मज्जावेष्टणाची गांठ सावकाश, उशिरांपर्यंत उजळत राहते.

या तिसरीच्या खुणांत एक मोठी गंमत आहे. गांठीशेजारच्या लसिकाग्रंथि सुजलेल्या दिसल्या कीं वैद्याच्या मनांत पाल चुकचुकते. रोग पसरला असें तो धरून चालतो. येथें नेमकें उलटें. जिस्ट पसरते ती यकृतांत किंवा उदराच्या आवरणांत, लसिकाग्रंथींत क्वचितच. मज्जावेष्टणाची गांठ निरुपद्रवी असूनहि तिच्या शेजारीं नुसत्या दाहानें अशा ग्रंथि सुजतात. जी खूण अन्यत्र मरणाची, ती येथें बहुतेक वेळां अभयाची. हें चीन, जपान व कोरियांतील क्ष-किरणतज्ज्ञांनीं काढलेल्या गांठींशीं जुनीं चित्रें ताडून पाहिलीं, तेव्हां उघड झालें.

नांवावर औषधहि अवलंबून आहे. किटच्या बिघाडावर नेमका घाव घालणारें इमॅटिनिब २००० सालीं हेलसिंकी येथें जिस्टच्या एका रोग्यास प्रथम दिलें गेलें आणि गांठी आकसल्या. इतर दोन गांठींस तें निरुपयोगी. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च भारतांत लाखाच्या वर सांगितला जाई. देशी कंपन्यांच्या त्याच गोळ्या त्याच्या दहाव्या हिश्शाच्याहि आंत मिळत. १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मूळ कंपनीचा पेटंटाचा दावा फेटाळला, आणि द्राक्षाच्या एका वाईट हंगामानें कर्जांत जाणाऱ्या निफाडच्या बागायतदारास तें औषध आवाक्यांत राहिलें.

आज त्याला नाशिक गांठावयास तासाभराची वाट पुरते, आणि पोट न उघडतां त्याच्या गांठीचें चित्र निघतें. तें चित्र मोठ्या गांठीविषयीं पुष्कळ सांगतें. दोनअडीच सेंटिमीटरची जिस्ट मात्र निर्मळ, गोल, एकसारखी, अगदीं स्नायूच्या गांठीसारखीच दिसते. तेथें ध्वनिलहरींची दुर्बीण घालून सुईनें गांठीतला अंश काढावा लागतो, नाहींतर कांहीं महिन्यांनीं पुन्हां स्कॅन करून, ती वाढली कीं नाहीं, हें मापून पाहावें लागतें.