माहिती-सुरक्षेचे सामुदायिक महाविद्यालयीन शिक्षण

संगणक, संगणकांचे जाळे आणि त्यांत साठवलेली माहिती चोरी, फेरफार व खंड यांपासून राखण्याचे, पदवीपेक्षा कमी मुदतीचे आणि नोकरीशी जोडलेले शिक्षण. गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता या तीन कसोट्यांवर त्याची मांडणी होते. डिजिटल सातबारावरचे नाव कोणी परस्पर बदलले, तर अखंडता गेली. पेरणीच्या दिवसांत तो उताराच निघेना, तर उपलब्धता गेली.

असे शिक्षण देणाऱ्या सामुदायिक महाविद्यालयाची कल्पना अमेरिकेतली. इलिनॉय राज्यातील जोलिएट ज्युनिअर कॉलेज 1901 मध्ये सुरू झाले. भारतात पाँडिचेरी विद्यापीठाने 1995 मध्ये असे महाविद्यालय काढले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत ही योजना हाती घेतली आणि डिसेंबर 2013 मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. त्याला जोडून आलेल्या व्यवसाय-पदवीत (बी. व्होक.) एका वर्षानंतर पदविका, दोन वर्षांनंतर प्रगत पदविका आणि तीन वर्षांनंतर पदवी मिळते, सुमारे 60 टक्के श्रेयांक कौशल्याचे आणि 40 टक्के सामान्य शिक्षणाचे. मधेच शिक्षण सोडावे लागणाऱ्या मुलामुलींना ही रचना सोयीची आहे.

या शिक्षणाची गरज तालुक्याच्या गावीही आहे. उदाहरण म्हणून हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुका घेऊ. परभणीचे विभाजन होऊन 1999 मध्ये हा जिल्हा झाला आणि येथील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. हळद आणि ऊस यांवर हा भाग चालतो. हंगामात शेतकऱ्याच्या खात्यावर एकदम मोठी रक्कम येते आणि ते खाते आता मोबाइलवर असते. ठगाला वसमत आणि मुंबई सारखीच जवळ. म्हणून हा विषय महानगराचा मानणे चूक आहे. येथील विद्यार्थ्याला अनेकदा पहिले प्रमाणपत्र मिळते ते एमएस-सीआयटीचे. ती संगणक-साक्षरता; सुरक्षेचे शिक्षण तिच्या पुढे सुरू होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये पदवी आणि पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. त्याखेरीज छत्रपती संभाजीनगरला नाइलिट या केंद्र सरकारी संगणक-प्रशिक्षण संस्थेचे केंद्र आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची पदव्युत्तर पदविका मात्र मुख्यतः अभियंत्यांसाठी.

अभ्यासाचा गाभा नेटवर्किंग आणि लिनक्स. आयपी पत्ता, पोर्ट, राउटिंग पक्के नसताना थेट हॅकिंगची साधने हाती घेणारा पुढे अडखळतो. त्यानंतर कूटलेखन, हॅश, फायरवॉल, लॉग वाचणे, बॅकअप आणि फिशिंगची ओळख येते. सराव स्वतःच्या संगणकावरील व्हर्च्युअल मशीनवरच करायचा असतो. दुसऱ्याच्या यंत्रणेत विनापरवानगी शिरणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 43 खाली भरपाईस पात्र ठरते. हेतू अप्रामाणिक असेल, तर कलम 66 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याचा तास कंटाळवाणा म्हणून बुडवणाऱ्याने एवढे तरी वाचून ठेवावे.

महाराष्ट्रात या विषयाचा मोठा धडा पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेने दिला. ऑगस्ट 2018 मध्ये कार्डव्यवहार मंजूर करणारी यंत्रणा मालवेअरने बाजूला सारली गेली. बनावट कार्डांना खोटी मंजुरी मिळत राहिली आणि 28 देशांतील एटीएममधून पैसे निघाले. दोनच दिवसांनी स्विफ्ट या बँकांमधील संदेश-यंत्रणेमार्गे हाँगकाँगला जवळपास 14 कोटी गेले. एकूण नुकसान सुमारे 94 कोटी रुपयांचे. यात ग्राहकाचा पिन फोनवर विचारून घेण्याची गरजच नव्हती, म्हणून ‘ओटीपी कोणाला देऊ नका’ एवढ्यावर सुरक्षा-शिक्षण संपवता येत नाही.

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2019 मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी चार पातळ्यांची सायबर-सुरक्षा चौकट लागू केली. सायबर घटनांची दखल घेणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि लॉग 180 दिवस जपणे बंधनकारक झाले. यंत्रांची यादी ठेवणे, पॅच लावणे, नोकरी सोडलेल्याचे लॉगिन बंद करणे ही रोजची कामे; त्यांना अभियंताच हवा असे नाही, दोन वर्षांची चांगली पदविका पुरते. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत असल्याने रिझर्व्ह बँकेची ही चौकट त्यांना लागू नाही, आणि तालुक्यातील ठेवींच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे.

अशा अभ्यासक्रमाची किंमत प्रयोगशाळेवर ठरते. शिक्षक प्रत्यक्ष काम केलेला नसेल आणि लॅब कुलूपबंद असेल, तर पदविका भिंतीवर टांगण्यापुरती. विद्यार्थ्याने फीची पावती फाडण्याआधी ती लॅब उघडून दाखवायला सांगावे, आणि अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची आहे हे लेखी विचारावे.