भोंगा थांबल्यानंतरचा दिवस : मारी याहोडा यांचे संशोधनकार्य

आपल्यापैकी ज्यांचे बालपण इंदूरसारख्या गिरण्यांच्या शहरात गेले, त्यांना भोंग्याचे महत्त्व सांगावयास नको. पहिल्या पाळीच्या भोंग्यावर चुली पेटत, दुपारच्या भोंग्यावर डबे निघत आणि ज्यांच्या घरात कोणी गिरणीत जात नसे, तेही त्याच भोंग्यावर आपले घड्याळ लावून घेत. पुढे गिरण्या बंद पडल्या, तेव्हा बुडालेल्या पगाराची आणि थकलेल्या देण्यांची चर्चा पुष्कळ झाली. पगाराखेरीज माणसाचे आणखी काय गेले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. हा प्रश्न शास्त्रीय शिस्तीने विचारणाऱ्या आणि त्याच्या उत्तरासाठी सारे आयुष्य वेचणाऱ्या एका विदुषीचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. काम आणि मानसिक आरोग्य यांच्या संबंधाचा अभ्यास करणाऱ्या शाखेला ‘व्यावसायिक आरोग्य मानसशास्त्र’ हे नाव १९९० नंतर रूढ झाले. परंतु त्या शाखेचा एक भक्कम पाया मारी याहोडा यांनी त्यापूर्वी साठ वर्षे घातला होता.

याहोडा यांचा जन्म १९०७ साली व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात झाला. विद्यार्थिदशेतच त्या समाजवादी चळवळीत ओढल्या गेल्या. व्हिएन्ना विद्यापीठात कार्ल आणि शार्लोट ब्यूलर या दांपत्याच्या हाताखाली त्यांनी मानसशास्त्राचे शिक्षण घेतले. पॉल लाझार्सफेल्ड हे त्यांचे पहिले पती. पुढे अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ म्हणून त्यांचा मोठा लौकिक झाला. या तरुण मंडळींच्या मनात प्रथम कामगार आपला फावला वेळ कसा घालवितात याचा अभ्यास करावयाचा होता. समाजवादी पक्षाचे नेते ऑटो बाउअर यांनी तो बेत ऐकून त्यांची कानउघाडणी केली. देशात लक्षावधी लोक सक्तीने रिकामे बसले असताना फावल्या वेळाचा अभ्यास कसला करता, बेकारीचा करा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनीच मारिएन्टाल हे गाव सुचविले.

व्हिएन्नाच्या आग्नेयेस ग्रामाटनॉयझीडल या गावालगतची ही वसाहत शंभर वर्षे एका कापडगिरणीवर जगत होती. १९२९ साली सूतकताई थांबली आणि १९३० च्या आरंभी विणकामही बंद झाले. लोकसंख्या १४८६, कुटुंबे ४७८, आणि त्यांपैकी ३६७ कुटुंबांत एकही माणूस कामावर नव्हता. १९३१-३२ च्या हिवाळ्यात संशोधक तेथे पोहोचले, तेव्हा त्यांनी एक नियम स्वतःला घालून घेतला. नुसती टिपणवही घेऊन कोणी हिंडावयाचे नाही, ज्याने त्याने गावाच्या काही उपयोगी पडले पाहिजे. म्हणून जुने कपडे गोळा करून वाटण्यात आले, डॉक्टरांकडून तपासणीची सोय झाली, शिवणकामाचे बेतणे शिकविण्यात आले. ही कामे करता करताच माहिती गोळा होत गेली.

त्या माहितीचे स्वरूप पाहिले म्हणजे आजही आश्चर्य वाटते. घरोघरच्या जेवणाची नोंद झाली, शाळकरी मुलांच्या निबंधांचा अभ्यास झाला, वाचनालयाची वही तपासली गेली. वर्गणी माफ केलेली आणि वेळ तर मुबलक, तरीही दोन वर्षांत पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. गावच्या रस्त्यावर लोक कसे चालतात, हेही मोजले गेले. स्त्रिया झपझप जात, कारण घरचे काम संपलेले नव्हते. पुरुष मात्र थोड्याशा वाटेत दोन-तीनदा थांबत. दिवसभरात काय केले, याचा तक्ता भरावयास दिला असता पुरुषांना तो भरता येईना. सकाळी उठलो, दुपारी जेवलो, यापलीकडे सांगण्याजोगे काही घडलेच नव्हते. पुष्कळांनी खिशात घड्याळ बाळगणेही सोडून दिले होते.

उपासमारीतून माणसे पेटून उठतील अशी तत्कालीन क्रांतिवाद्यांची अपेक्षा होती. मारिएन्टालने वेगळेच दाखविले. माणसे पेटली नाहीत, विझली. संशोधकांनी कुटुंबांचे चार गट पाडले : न खचलेली, परिस्थितीपुढे मान तुकवलेली, हताश आणि पूर्ण उदासीन. या गटांचे दर प्रौढ माणशी मासिक उत्पन्न अनुक्रमे सुमारे ३४, ३०, २५ आणि १९ शिलिंग होते. म्हणजे मनाची उभारी आणि हाती येणारे चार शिलिंग यांचा संबंध अगदी पायरीपायरीचा होता. तरीही, खायला पुरेसे नसताना आपल्या तुकड्याभर जमिनीत भाजीबरोबर फुलेही लावणारी माणसे त्याच गावात होती, हेही त्यांनी तितक्याच आस्थेने नोंदविले.

हे पुस्तक १९३३ साली जर्मनीत लाइपझिग येथे प्रसिद्ध झाले. लेखकांची नावे ज्यू असल्याने ती मुखपृष्ठावर घातली गेली नाहीत. नाझी राजवटीत पुस्तक लवकरच दिसेनासे झाले, आणि इंग्रजी भाषांतर निघावयास १९७१ साल उजाडले. ऑस्ट्रियातही लोकशाही संपुष्टात आली होती. भूमिगत समाजवादी कार्यासाठी याहोडा यांना १९३६ च्या अखेरीस अटक झाली. देश सोडून जाण्याच्या अटीवर १९३७ साली सुटका होऊन त्या इंग्लंडला गेल्या.

तेथे त्यांनी दक्षिण वेल्समधील बेकार खाणकामगारांचा अभ्यास हाती घेतला. या कामगारांनी आपल्या गरजेच्या वस्तू आपणच निर्माण कराव्यात अशी एक परोपकारी योजना तेथे चालू होती. त्यात पगार नव्हता. याहोडा खाणकामगारांच्या घरांत राहिल्या. त्यांचे निष्कर्ष योजनेला अनुकूल नव्हते आणि ते वाचून योजनेच्या प्रवर्तकाला फार दुःख झाले. त्याच सुमारास हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केले होते आणि याहोडांच्या कुटुंबीयांना तेथून बाहेर काढण्यास हाच गृहस्थ मदत करीत होता. त्यांनी आपला अहवाल बाजूस ठेवला. तो १९८७ साली, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी छापला गेला. निष्कर्षांत फेरफार करण्याऐवजी त्यांनी ते छापलेच नाहीत. सत्य आणि कृतज्ञता या दोहोंची बूज राखण्याचा तो एकच मार्ग त्यांना दिसला असावा.

१९४५ नंतरची तेरा वर्षे अमेरिकेत गेली. न्यूयॉर्क विद्यापीठात त्या प्राध्यापक होत्या. मानसिक आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, हा विचार मांडणारा त्यांचा ग्रंथ १९५८ साली निघाला. त्याच वर्षी त्या इंग्लंडला परतल्या आणि ब्रुनेल येथील अध्यापनानंतर १९६५ साली ससेक्स विद्यापीठात सामाजिक मानसशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

मारिएन्टालचे सार त्यांनी सिद्धान्तरूपाने मांडले ते १९८२ च्या ग्रंथात, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी. नोकरीचा प्रकट हेतू वेतन. परंतु ती नकळत आणखी पाच गोष्टी देते. दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून साधावयाच्या कार्यात वाटा, समाजात स्थान आणि नियमित कृती. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला होता, हा केवळ कालाचा योगायोग. पण गिरणगावात पुढे जे घडले ते पाहता तो मनाला चटका लावून जातो.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. शासकीय सेवेत असताना एका बंद गिरणीच्या कामगारांच्या याद्या तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. नाव, हजेरी क्रमांक, सेवेची वर्षे, थकीत रक्कम असे रकाने होते आणि ते मी काळजीपूर्वक भरले. मंडळी दुपारच्या वेळी ओट्यावर बसून असत. एका वृद्ध साचेवाल्याने काही न विचारताच सांगितले, “साहेब, झोप अजून पहाटेच मोडते, पण उठून जायचे कुठे?” त्यासाठी रकाना नव्हता. मी पुढचे नाव पुकारले. याहोडांचे पुस्तक पुष्कळ वर्षांनी हाती आले, तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ मला कळला.

याहोडांच्या सिद्धान्तावर आक्षेपही आले. बेकाराला मुख्यतः दारिद्र्यच पंगू करते, रिकामा वेळ नव्हे, असे डेव्हिड फ्रायर यांच्यासारख्या अभ्यासकांनी म्हटले. मारिएन्टालचे शिलिंगांचे आकडे या आक्षेपाला काहीसे बळही देतात. वाईट नोकरीचे जाच याहोडा नाकारीत नव्हत्या. काम माणसाला साजेसे व्हावे, असाच त्यांचा आग्रह होता.

२००१ साली त्यांचे निधन झाले. २०२० च्या ऑक्टोबरात त्याच ग्रामाटनॉयझीडलमध्ये, वर्षाहून अधिक काळ बेकार असलेल्या प्रत्येकाला वेतनासह काम देण्याचा प्रयोग सुरू झाला. ऑक्सफर्डच्या अर्थशास्त्रज्ञांनी तो तपासला. उत्पन्नाबरोबरच दिवसाची घडी, लोकांशी संबंध आणि समाजातील मान यांतही सुधारणा आढळली. ज्या गावाने नव्वद वर्षांपूर्वी प्रश्न दिला, त्याच गावाने उत्तराचा काही भाग दिला.

इंदूरच्या हुकुमचंद गिरणीचे दार १९९१ च्या डिसेंबरात बंद झाले आणि कामगारांच्या थकबाकीची रक्कम २०२३ च्या डिसेंबरात सुपूर्द झाली. बत्तीस वर्षांचा हिशेब रुपयांत झाला, तो होणे आवश्यकच होते. त्या बत्तीस वर्षांतील सकाळींचा हिशेब मात्र कोणत्याही यादीत नाही.