रूपकाच्या सात मात्रा आणि पिंक फ्लॉइड

पाश्चात्त्य रॉक संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतून अद्यापि आढळतो. ठाणें, कल्याण आणि डोंबिवली या परिसरांत तो असावा, यांत नवल नाहीं. १९२६ सालीं स्थापन झालेल्या कल्याण गायन समाजासारख्या संस्थेच्या सहवासांत ज्यांचा कान घडला, त्यांस विजेच्या गिटारचा निनाद परका वाटणारच. परंतु अपरिचय म्हणजे परीक्षण नव्हे. ख्यालाच्या श्रोत्यानें या परक्या घरांत कोणत्या दारानें शिरावें, हें पिंक फ्लॉइड या इंग्रज वाद्यवृंदाच्या इतिहासावरून पाहूं.

गाण्याचा इतिहास हा पुष्कळ अंशीं तें साठविणाऱ्या साधनांचाहि इतिहास असतो. १९०२ सालीं गौहरजान यांचें गाणें कलकत्त्यास ध्वनिमुद्रित झालें, तेव्हां तबकडीवर सुमारें तीन मिनिटेंच मावत. विस्तार हाच ज्याचा प्राण, तो ख्यालहि त्या मापांत बसवावा लागला. १९४८ सालीं अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीनें दीर्घकाळ वाजणारी तबकडी काढली, आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक अवकाश लाभला. या अवकाशाचा जाणीवपूर्वक उपयोग ज्या तरुणांनीं केला, त्यांच्या संगीतास पुढें ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ असें नांव पडलें. पिंक फ्लॉइडच्या १९७१ मधील ‘मेडल’ या तबकडीची एक संपूर्ण बाजू ‘एकोज’ या सुमारें तेवीस मिनिटांच्या एकाच रचनेनें व्यापिली आहे.

हा वृंद १९६५ सालीं लंडन येथें उभा राहिला. सिड बॅरेट, रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट आणि निक मेसन हे त्याचे मूळ घटक. १९६७ च्या पहिल्या तबकडींतील बहुतेक गीतें बॅरेटचीं. तोच त्यांचा नायक. परंतु लौकर त्याच्या मनाचा तोल ढळला, एल.एस.डी. या द्रव्याचें सेवन त्यास पुष्कळ अंशीं कारण झालें, असें मानतात. १९६८ च्या आरंभीं डेव्हिड गिलमोर वृंदांत आला, आणि एके दिवशीं कार्यक्रमास जातांना बॅरेटला सोबत घेण्याचें मित्रांनीं टाळलें. त्या वर्षीं तो वृंदाबाहेर पडला.

१९७३ ची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ ही तबकडी जगभर कोट्यवधींनीं खपली. काल, द्रव्य, मृत्यु आणि वेड हे तिचे विषय. तिच्यांतील ‘मनी’ हें गीत आपल्या श्रोत्यास सोयीचें दार ठरावें. कारण तें बव्हंशीं सात मात्रांच्या आवर्तनांत चालतें. रूपकाशीं ज्याची ओळख आहे, त्याचा हात आपोआप ताल धरूं लागेल. अर्थात् हा रूपक नव्हे. त्यांत खाली-भरीचा विचार नाहीं, आणि गिटारचें वादन येतांच ठेका चार मात्रांवर उतरतो. तथापि सात मोजूं शकणाऱ्या कानास तो बदल चटकन् जाणवेल, हा लाभ थोडा नव्हे.

दुसरें दार धीराचें आहे. १९७५ च्या ‘विश यू वर हिअर’ मधील ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ या रचनेंत शब्द येण्यापूर्वीं आठ मिनिटांहून अधिक काळ लोटतो. प्रथम स्थिर स्वरांचा पट पसरतो. मग गिटारवर चार स्वरांची एक आकृति पुनःपुन्हां उमटते. आलापाची वाट पाहण्याची ज्यास संवय आहे, त्यास हा विलंब जड जाऊं नये. मात्र राग शोधूं नये. येथें स्वरसंवादाचें शास्त्र निराळें आहे.

ही रचना बॅरेटला उद्देशून आहे. ५ जून १९७५ रोजीं तिचें काम चाललें असतां तो स्वतः ध्वनिमुद्रणगृहांत आला. देह स्थूल झालेला, डोकें व भुंवया मुंडलेल्या. जुन्या सोबत्यांस प्रथम त्याची ओळखहि पटली नाहीं. ज्याच्या विरहाचें गाणें रचीत होते, तोच समोर उभा असतां तो त्यांस परका झाला होता!

बॅरेट जुलै २००६ मध्यें वारला. पुढील फेब्रुवारींत वॉटर्सनें मुंबईस, वांद्रे-कुर्ला संकुलांत, ‘डार्क साइड’ वाजविली. कल्याणहून तें अंतर फार नाहीं. परंतु खरें अंतर कानाचें असतें, आणि तें धीरानेंच तुटतें. सोडून दिलेल्या मित्राचें ऋण गाण्यानें फिटत नसेल. पण तें विसरूं न देण्याचें काम गाणें करतें. एवढें ज्यास ऐकूं आलें, तो त्यास गोंगाट म्हणणार नाहीं.