रजा, सुट्टी आणि खाडा

रजा मागावी लागते, सुट्टी होते आणि खाडा पडतो. तिन्ही शब्दांचा अर्थ कामावर न जाणे एवढाच, पण क्रियापदे निराळी आहेत आणि त्यांत कामकऱ्याची पत दिसते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. त्यांच्या वाट्याला या तिघांतला फक्त तिसरा शब्द येतो.

आधी रजेकडे पाहू. मूळ शब्द अरबी. फारसीत त्याचा उच्चार ‘रिझा’ झाला आणि मराठीत तो ‘रजा’ म्हणून रुळला. अर्थ संमती, खुशी. ‘राजी’ आणि ‘राजीनामा’ हे त्याच धातूतले भाऊबंद. पाहुणा उठताना ‘आता रजा घेतो’ म्हणतो, तेव्हा तो यजमानाची संमतीच मागत असतो. युरोपातल्या भाषांतही हेच सापडते. इंग्रजी ‘लीव्ह’ म्हणजे मुळात परवानगी. जर्मन ‘उरलाउब’ हा ‘परवानगी देणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा सोयरा आहे. फ्रेंच ‘कोंजे’ ज्या लॅटिन शब्दापासून आला, तो शिपायाला घरी जाण्यासाठी मिळणाऱ्या मुभेला वापरत. म्हणजे अरबस्तानापासून फ्रान्सपर्यंत रजा ही धन्याची मर्जी होती.

या मर्जीचा हक्क झाला तो विसाव्या शतकात, आणि प्रत्येक देशाने तो आपापल्या परीने केला. फ्रान्सने 1936 साली दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्यात घातली. आज ती पाच आठवडे आहे. जर्मनीच्या 1963 च्या कायद्यानुसार आज आठवड्याला सहा दिवस काम धरून वर्षाला किमान 24 दिवस मिळतात. जपानने तर 1947 सालीच पाळीच्या त्रासासाठी बायकांना रजा मागण्याचा हक्क दिला. अमेरिकेत मात्र संपूर्ण देशासाठी भरपगारी वार्षिक रजेचा कायदा आजही नाही. 1993 च्या कायद्याने मिळते ती 12 आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही आजारपण, बाळंतपण अशा कारणांसाठीच. देशाची ओळख झेंड्यावरून होते तशी ती या आकड्यांवरूनही होते, असे मला वाटते.

आपणही मागे नव्हतो. मुंबई प्रांताने 1929 साली बाळंतपणाच्या लाभाचा कायदा केला. त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर 1928 मध्ये विधिमंडळात बोलले होते. स्वातंत्र्यानंतर 1948 चा कारखाना कायदा आला. वर्षात 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा, असा त्याचा हिशेब होता. 1961 मध्ये देशभरासाठी मातृत्व लाभ कायदा झाला आणि 2017 मध्ये ती रजा 26 आठवड्यांवर गेली.

‘सुट्टी’ हा शब्द मात्र घरचा, ‘सुटणे’मधून आलेला. शाळा सुटते, गिरणी सुटते. त्यात कोणाची संमती मागण्याचा प्रश्न नाही; वेळ झाली की सगळे एकदम मोकळे. ही मोकळीक मिळायलाही झगडावे लागले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून गिरणी कामगार संघटित केले, तेव्हा कुठे 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. बीड तेव्हा निजामाच्या मुलखात होते. तिथल्या कचेऱ्यांची सुट्टी शुक्रवारी असे. राज्य बदलले आणि सुट्टीचा वारही बदलला.

आता खाडा. शहरातल्या घरात हा शब्द निरुपद्रवी आहे. दूधवाला आला नाही की कालनिर्णयच्या चौकोनात खाडा मांडायचा आणि महिनाअखेर तेवढे पैसे वजा करायचे. ऊसतोडीत हिशेब त्याच्या पुढे जातो. निघण्याआधी टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’; एकटा माणूस अर्धा कोयता. उचल कोयत्यावर दिली जाते आणि फिटते ती टनावर. जोडीतले एक जण तापाने कोपीत, म्हणजे झोपडीत, पडून राहिले, तर त्या दिवसाचा ऊस तुटत नाही, मजुरी बुडते आणि वर मुकादमाच्या वहीत खाडा पडतो. या खाड्यापोटी दिवसाला 500 रुपयांपर्यंत दंड लागत असल्याचे 2019 मध्ये वर्तमानपत्रांतून आले. हंगामाअखेर फिटली नाही ती रक्कम ‘अंगावर’ राहते. शहरातल्या खाड्याने पैसे मिळायचे राहतात, उसाच्या फडातल्या खाड्याने कर्ज वाढते.

बाईच्या अंगावर हा शब्द आणखी जड पडतो. पहाटे भाकरी थापून फडात जायचे, वाकून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. गाडी रात्री आली तरी ती भरल्याशिवाय सुटका नाही. फडाच्या कडेला संडास नाही, पाळीचे चार दिवस काढायला आडोसा नाही. 2019 साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 82 हजारांवर बायकांच्या पाहणीत 13 हजारांवर बायकांचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून जाणे, ओटीपोटातले दुखणे आणि खासगी दवाखान्यांतून घातलेली कॅन्सरची भीती ही कारणे होतीच. पण खाडा परवडत नाही, हेही कित्येकींनी सांगितले. जपानी बाईला 1947 साली ज्यासाठी रजा मिळाली, त्यासाठी बीडमधल्या धारूर-वडवणीच्या बाईने शरीराचा अवयव दिला.

म्हणून देशादेशांतल्या रजेची तुलना मला अपुरी वाटते. इथे सीमा साखर कारखान्याच्या फाटकावर आहे. फाटकाच्या आतल्या कायम कामगाराला किरकोळ रजा, आजारपणाची रजा, हक्काची रजा अशी नावे माहीत असतात. त्याच कारखान्याला ऊस पुरवणारा तोडकरी बाहेर राहतो. त्याचा करार मुकादमाशी, मुकादमाचा वाहतूकदाराशी. हंगाम पाच-सहा महिन्यांचा, त्यामुळे कारखान्याने त्याला आपला मानले असते तरी कारखाना कायद्यातले ते 240 दिवस भरले नसते. रजा मागायची तर धनी कोण, हेच ठरलेले नाही. त्याचे काम थांबते ते ‘पट्टा पडला’ की, म्हणजे कारखान्याचे गाळप संपले की. विश्रांतीसाठी असलेला त्याचा एकमेव शब्द यंत्राचा आहे.

टनामागचा दर लढून वाढतो. 2024 च्या जानेवारीत 34 टक्के वाढ ठरली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळही आहे. आता पुढच्या कराराच्या बैठकीत दराच्या आकड्याशेजारी दोन ओळी लिहून घ्याव्यात: खाड्याचा दंड बंद, आणि आजारपण, पाळी व बाळंतपणाला भरपगारी रजा, तिचा खर्च साखर कारखान्याने उचलावा.